क्यूजीआयएसच्या डॉक्सचं काम: टॉलरन्सचा परिच्छेद कुठवर आला

किल्ल्यांच्या वाटांचे नकाशे करणारे आपल्यातले बरेच जण क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रोग्रॅममधलं एलिव्हेशन प्रोफाइल वापरतात. २०२२ मध्ये ३.२६ आवृत्तीत ते मूळ प्रोग्रॅममध्येच आलं आणि चढ-उताराच्या आलेखासाठी वेगळं प्लगिन शोधायची कटकट संपली. सध्या मी त्याच्याच मॅन्युअलच्या, म्हणजे डॉक्सच्या, पानावर काम करतोय.

गाडी अडलीय टॉलरन्सपाशी. आपण आखलेल्या रेषेपासून किती अंतरावरचे बिंदू आणि रेषा आलेखात घ्यायच्या, ते हा आकडा ठरवतो. पानावर लिहिलंय की तो नकाशाच्या एककात असतो. खरंच आहे. पण नवख्या माणसाचा प्रोजेक्ट बहुतेकदा ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या सीआरएसमध्ये (निर्देशांक पद्धतीत) असतो, म्हणजे एकक अंश. त्याने साळसूदपणे १ टाकला की दक्षिणोत्तर दोन्ही बाजूंना साधारण १११ किलोमीटरपर्यंतचा पट्टा आत येतो आणि राजगडाच्या आलेखात लोहगडावरचं टाकं येऊन बसतं! तोच प्रोजेक्ट ३२६४३ मध्ये घेतला, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये, की ५० म्हणजे सरळ ५० मीटर.

एवढंच लिहायचं होतं. लिहिण्यापेक्षा वेळ गेला तो विचारपूस करण्यात, आणि तो जायलाच हवा असं माझं मत झालंय. क्यूजीआयएसमध्ये सोय छान आहे: नव्या सुविधेच्या पुल रिक्वेस्टवर (कोडमध्ये बदल घेण्याच्या विनंतीवर) डॉक्स हवेत असं लेबल असेल, तर ती मर्ज होताच, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळताच, डॉक्सच्या रेपोत (फायलींच्या साठ्यात) आपोआप इश्यू, म्हणजे कामाची नोंद, उघडतो. त्यात डेव्हलपरने दिलेलं वर्णन असतं. मात्र ते लिहिलेलं असतं कोड तपासणाऱ्यांसाठी. रकाना रिकामा ठेवला तर काय होतं, नकाशाच्या कुठल्या लेयरला (थराला) हे लागूच नाही, हे त्यात सापडेलच असं नाही. मग विचारावं लागतं.

इथे विचारण्याची पद्धत फार महत्त्वाची. ‘याबद्दल जरा सविस्तर सांगाल का?’ असं विचारलं की समोरचा माणूस ते उद्यावर टाकतो. बिचारा फावल्या वेळातच हे करत असतो. त्याऐवजी स्वतः करून बघायचं, आवृत्ती नोंदवायची आणि विचारायचं, ‘टॉलरन्स बिंदू-रेषांच्या लेयरला लागतो, रास्टरला (चौकटींच्या जाळीतल्या डेटाला) लागत नाही, असं दिसलं. हे असंच अपेक्षित आहे का?’ याला ‘हो’ एवढंच उत्तर पुरतं. आणि ते ‘हो’ इश्यूच्या कॉमेंटमध्ये पडून राहू द्यायचं नाही, त्याच पुल रिक्वेस्टमधून पानावर आणायचं. नाहीतर वर्षभराने तोच प्रश्न दुसरा कोणीतरी विचारतो.

रिव्ह्यूमध्ये थोडी घासाघीस झाली. मी सीआरएसवर आख्खा परिच्छेद दिला होता. रिव्ह्यू करणाऱ्यांचं म्हणणं, सीआरएसचं स्वतंत्र पान आहे, इथे फक्त दुवा द्या. मला ते निम्मंच पटलं, कारण आलेख काढायला बसलेला माणूस त्या पानावर कशाला जाईल? शेवटी ठरलं की दुवा द्यायचा, पण ‘सीआरएस भौगोलिक असेल तर हा आकडा अंशात धरला जातो’ एवढ्या आशयाचं एक वाक्य इथेच ठेवायचं. त्यांनी ते सजेस्टेड चेंज म्हणून टाकलं, मी एका क्लिकवर कमिट केलं, म्हणजे बदलात घेतलं. परिच्छेदापेक्षा ते वाक्य बरं आहे, हेही खरं.

आजूबाजूच्या वाक्यांना मात्र हात लावला नाही. एक-दोन वाक्यं बोजड आहेत, हात शिवशिवत होते. पण मूळ इंग्रजीत एक शब्द हलला तरी ते वाक्य ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या साइटवर प्रत्येक भाषेच्या लोकांपुढे पुन्हा येतं. माझ्या हौसेपायी इतक्या जणांना कामाला का लावायचं?

आता बदल मास्टर ब्रांचसाठी, म्हणजे डॉक्सच्या चालू कामाच्या मुख्य शाखेसाठी, तयार आहे. एलटीआर, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी स्थिर आवृत्ती, वापरणाऱ्यांच्या पानावर तो जायचा तर बॅकपोर्टचं (बदल जुन्या आवृत्तीतही नेण्याचं) लेबल लागेल, तशी विनंती केलीय. स्क्रीनशॉट बाकी आहे: पीएनजीच हवा, खिडकी दाखवायच्या भागापुरती लहान केलेली आणि माझे खासगी लेयर न दिसणारी. माझ्याकडे लिनक्सच आहे. विंडोजवर कोणी हे पॅनल उघडून टॉलरन्सचा रकाना त्याच जागी दिसतो का, तेवढं बघून कळवाल का? आवृत्तीही सांगा.