नर्सरी असताना द्रोणात बी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सांगलीत हव्या त्या भाजीची रोपं तयार मिळतात, मग मे महिन्यात घरात द्रोण मांडून बी लावायची खटपट कशाला, असं मला बरेच जण विचारतात.

मी ती खटपट वेलांसाठी करते. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं उपटून लावली तर दोन दिवस माना टाकतात आणि सावरतात. काकडी, दोडका, कारलं यांच्या मुळांना मात्र धक्का सोसत नाही, म्हणून ती भांड्यासकट जमिनीत गेलेली बरी. शिवाय मेच्या उन्हात आणि वळवाच्या माऱ्यात उघड्यावर कोवळा कोंब टिकणं कठीण.

द्रोण पळसाच्या पानांचा, काड्यांनी टाचलेला घ्यावा. चंदेरी अस्तराचा नको, ते प्लास्टिक मातीत तसंच राहतं. द्रोण नसला तर पेल्याभोवती वर्तमानपत्र गुंडाळून बूड दुमडलं की झालं. अंड्याच्या कवचाचं कौतुक फार होतं, पण वेलाच्या मुळाला ते चार दिवसांत अपुरं पडतं. करवंटी तर वर्षानुवर्षं कुजत नाही. तिला खाली भोक पाडून कुंडीसारखी पुन्हा पुन्हा वापरा, पुरू नका.

आपली कृष्णाकाठची काळी माती नुसती भरली तर वाळून दगड होते. तिच्यात निम्मं चाळलेलं, जुनं शेणखत मिसळते. पाणी बेतानं; सतत ओल राहिली की रोप बुडाशी कुजून आडवं होतं.

उजेडाकडे मात्र लक्ष हवंच. नवरात्रात घटाखालच्या पत्रावळीवरचं धान आठवा. देवघरातल्या अंधारात ते पिवळं, लांबसडक वाढतं. घटाला ते शोभतं, पण दोडक्याचं रोप तसं वाढलं तर वाऱ्याला टिकायचं नाही. म्हणून कोंब दिसताच द्रोण पूर्वेच्या खिडकीत ठेवते आणि लावणीआधी आठवडाभर रोज थोडा वेळ बाहेर ऊन दाखवते.

पंधरा-वीस दिवसांत दोन-तीन खरी पानं, म्हणजे बीतून निघालेल्या पहिल्या जोडपानांनंतरची पानं, येतात. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की द्रोणाचं बूड हलकेच फाडून अख्खा द्रोण आळ्यात ठेवायचा. कागदाची पुडी असेल तर मातीवर राहणारी कड फाडून टाका. ती वाऱ्यानं सुकते आणि मुळांजवळची ओल वर ओढून घेते. दोडक्या-कारल्याचा मांडव त्याआधीच उभा करून ठेवा.