चंचीतली गोळी

मी भूल देणारी डॉक्टर, आज बेळगाव, उद्या निपाणी, परवा खानापूर, जिथून फोन येईल तिथं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत’ विचारलं की बीपीची, शुगरची सांगतात, पण झोपेची कोणी सांगत नाही, कारण ती त्यांच्या हिशोबात औषधच नाही.

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव सोडा) पित्ताशयाचं ऑपरेशन केलेला साठीचा माणूस, दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले, घामानं चादर ओली, नाडी १३०, सलाईन उपटायला निघाला. सगळे म्हणाले दारू. बायको रडकुंडीला आली, "देवाशपथ घेत नाहीत ओ!" आम्ही कोणी विश्वास ठेवला नाही, मी पण नाही, आणि ते अजून सलतं. शेवटी तिलाच आठवलं, उशीखाली अल्प्राझोलमची, म्हणजे झोपेच्या गोळीची, स्ट्रिप असते, रोज एक, नऊ वर्षं. ऑपरेशन म्हणून सगळ्या गोळ्या बंद केल्या, त्यात हीपण! दारू काय नि ही गोळी काय, मेंदूत काम जवळजवळ एकाच जागी करतात, त्यामुळं अचानक तोडलं की तमाशा सारखाच, फिटसुद्धा येऊ शकते. गोळी परत सुरू केली, मग हळूहळू माणूस ताळ्यावर आला.

अल्प्राझोलमचं हे एक-दोन दिवसांतच दिसतं. त्याच जातीचं डायझेपाम शरीरात रेंगाळतं, त्याचा त्रास कधीकधी आठवड्यानं, म्हणजे पेशंट घरी गेल्यावर, आणि घरचे समजतात म्हातारपणामुळं भ्रमिष्ट झाले.

म्हणून आता सरळ विचारते, "झोपायला काय घेता?" कन्नड पेशंट असेल तर "निद्दी गुळगी?" आणि गोळ्यांची पिशवी कॉटवर ओतायला लावते. चालू असेल तर चालूच ठेवायची, सकाळचा डोस असला तर घोटभर पाण्याबरोबर. तोंडानं काही देता येत नसेल तर त्याच जातीचं इंजेक्शन. थिएटरात दोन्हीकडून कसरत, सवयीमुळं भुलीचा नेहमीचा डोस कधीकधी पुरत नाही, पण वर मॉर्फिनसारखं दुखण्याचं औषध पडलं की श्वास मंदावतो, म्हणून नंतर ऑक्सिजनवर डोळा ठेवावा लागतो. आणि जास्त गुंगी आली म्हणून उठवायला फ्लुमाझेनिल, म्हणजे या गोळ्यांचा उतारा, मारायचं नाही, अशा पेशंटला त्यानंच झटके येऊ शकतात.

सोडवायची असेल तर जखम बरी झाल्यावर, थोडी थोडी कमी करत, कितीतरी महिने. ऑपरेशनचा आठवडा त्यासाठी नाही. खरं तर २०१४ पासून ही शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहे, दुकानदारानं रजिस्टरला नोंद करायची असते, पण जुनी चिठ्ठी दाखवून किती वर्षं मिळते ते आपल्याला माहीत आहे.

परवा गुडघा बदलायला आलेल्या खानापूरकडच्या आज्जी. पोरगा शेजारीच, "आईला कसली गोळी नाही ओ मॅडम." त्याला चहाला पिटाळलं. आज्जींनी दाराकडं बघितलं, चंची उघडली, सुपारी, चुन्याची डबी, आणि खाली चौकोनी घडी घातलेली स्ट्रिप, चार गोळ्या शिल्लक.

"आता काढून घेणार काय गं?"

"नाही आज्जी, आज रात्री नेहमीच्या वेळेला घ्यायची. सिस्टर देतील."

"बरं. पोराला मात्र बोलू नको."