काकांची पाणबुडी: १/१०० फॉक्सट्रॉट, सहाव्या कंपार्टमेंटपर्यंत

मंडळी, मॉडेलची हल, म्हणजे पाणबुडीचं बाहेरचं कवच, उभी राहिली! नाकापासून मागच्या टोकापर्यंत एकसंध, प्रायमरचा पहिला हात दिलेली, उचलायला दोन्ही हात लागतात एवढी. मधे चवथ आली, म्हणजे गणपती, माटोळी, पाहुणे, माझं कामाचं टेबल सगळं वरच्या खोलीत हलवलं होतं त्यामुळे लिहायचं राहून गेलं, आता सगळं एकदम सांगते.

नव्याने वाचताय त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या शेजारचे काका नेव्हीत होते, इलेक्ट्रिकलला, आणि त्यातली चांगली वर्षं आयएनएस कुरसुरा ह्या फॉक्सट्रॉट जातीच्या सोव्हिएत पाणबुडीवर. रिटायर झाल्यावर फोंड्याला घर बांधून राहिले. त्यांना ही पाणबुडी ८ डिसेंबरला द्यायचीय, पाणबुडी दिनाला. १९६७ मध्ये ह्याच दिवशी रिगाला, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये, आपली पहिली पाणबुडी जुनी कलवरी नेव्हीत दाखल झाली म्हणून हा दिवस. मी मॉडेलं करते हे काकांना माहीत आहे, फॉक्सट्रॉट करतेय हेही माहीत आहे, कुणासाठी ते फक्त काकूंना माहीत आहे.

आमच्या गोव्यात नेव्ही म्हटलं की विमानं. दाबोळीला हंसा हा नेव्हीचा विमानतळ, बोगमाळोच्या वाटेवर नेव्हल एव्हिएशन म्युझियम, त्यामुळे इथले मॉडेलवाले बहुतेक सी हॅरियर, सी हॉकवाले, आणि ते बरोबरच आहे, २०१६ पर्यंत हॅरियर आमच्या डोक्यावरूनच जायची. पाणबुडी करणारं माझ्या ओळखीत कुणी नाही. दोघातिघांनी सुचवलं की नवी कलवरी कर, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २०१७ ची, दिसायलाही देखणी आहे. आहेच देखणी. पण काका त्या पाणबुडीत राहिलेले नाहीत. द्यायचीय त्यांना, तर त्यांचीच बोट पाहिजे.

आता स्केल. खरी फॉक्सट्रॉट ९१.३ मीटर लांब, रुंदी ७.५ मीटर. १/१०० केलं की ९१ सेंटिमीटर आणि ७५ मिलिमीटर, आणि प्लंबरकडे मिळणारा पीव्हीसी पाइप बाहेरून बरोबर ७५ मिलिमीटरचा असतो. हे लक्षात आलं तेव्हाच ठरलं की किट शोधायचं नाही, स्क्रॅचनेच, म्हणजे मुळापासून हातानेच करायचं. मधला सरळ भाग पाइपचा, वरचा सपाट डेक सनबोर्डचा, आणि नाक नि मागचं निमुळतं टोक शिवणीच्या लाकडाचं. शिवण का तर हलकी असते, कोरायला मऊ आणि पावसाळ्यातही फारशी फुगत नाही, आमच्याकडच्या हवेत हा मोठा मुद्दा आहे. पाइप आणि लाकडाचा सांधा गॅरेजवाल्यांच्या बॉडी पुट्टीने भरला, वरून पॉलिश पेपर आधी १२० मग २२० मग ४०० पाण्यातून. पीव्हीसीला रंग धरत नाही म्हणून पूर्ण पाइप २२० ने खरवडून घ्या, चकाकी अजिबात राहता कामा नये, तरच प्रायमर बसतो. नाकावरचा सोनारचा (पाण्याखाली आवाजावरून अंदाज घेणाऱ्या यंत्राचा) उंचवटा एम-सीलने घडवलाय, ओल्या बोटाने फिरवत फिरवत आकार दिला की पेपर मारायचं काम निम्मं होतं.

भोकांबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे कारण फॉक्सट्रॉटची ओळखच तिथे आहे. पाणबुडीच्या अंगावर बाजूने लांबट भोकांच्या रांगा दिसतात ना, ती सजावट नाही. ह्या पाणबुडीला दोन हल असतात, आतली जाड प्रेशर हल जिच्यात माणसं राहतात, आणि बाहेरची पातळ. दोन्हींच्या मधे बॅलास्ट टाक्या, त्यात पाणी भरलं की बोट खाली जाते, हवेने पाणी बाहेर ढकललं की वर येते. आणि वरच्या डेकखालची जागा तर मोकळीच असते, तिथे समुद्राचं पाणी ह्या भोकांमधून आपोआप आत येतं नि बोट वर आली की धो धो बाहेर पडतं. म्हणून भोकं नुसती काळ्या पेनने काढून चालणार नाही असं माझं मत, ती आरपार हवीत, उजेड धरला तर आतली पोकळी दिसली पाहिजे. प्रत्येकाला एक मिलिमीटरची दोन भोकं शेजारी शेजारी हात-ड्रिलने पाडायची आणि मधला भाग बारीक कानशीने उडवायचा. कंटाळवाणं काम आहे पण रेडिओ लावून बसलं की होतं, आणि रांग सरळ येण्यासाठी आधी मास्किंग टेपची पट्टी लावून तिच्यावर पेन्सिलने खुणा करून घ्या, टेप काढायची ती सगळी भोकं झाल्यावरच.

रेफरन्सच्या बाबतीत मात्र आपण नशीबवान. कुरसुरा २००१ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली आणि २००२ पासून विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर म्युझियम म्हणून उभी आहे, पूर्ण पाण्याबाहेर, म्हणजे खालचा भाग, सुकाणू, प्रोपेलर फिरवणारे तिन्ही शाफ्ट सगळं बघता येतं, आत शिरून एका टोकातून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येतं. मॉडेलवाल्याला ह्याहून काय पाहिजे. माझा भाऊ तिकडे कामासाठी गेला होता त्याला मी यादीच दिली होती कुठून कुठून फोटो काढायचे त्याची, आणि त्याने मन लावून काढले.

ते फोटो घेऊन मी काकांकडे गेले. काकूंनी चहा ठेवला, मी टॅब टेबलावर ठेवून एकेक फोटो सरकवायला लागले. पहिलं कंपार्टमेंट, पुढच्या सहा टॉर्पेडो ट्यूब, काका म्हणाले पुढे जा. दुसरं, खाली बॅटऱ्या वर झोपायच्या जागा. तिसरं कंट्रोल रूम, पेरिस्कोप, इथे मला वाटलं थांबतील, पण नाही. चौथ्यात परत बॅटऱ्या, पाचव्यात डिझेल, दोन हजार अश्वशक्तीची तीन, इथे फक्त "आवाज" एवढंच बोलले. आणि सहावं आल्यावर त्यांनी माझा हात धरला. फोटो मोठा केला, पॅनलच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं नि म्हणाले, "इथं गो. मी इथं उभा असायचो." मग चहाचा कप बाजूला सरकवला आणि टेबलाच्या प्लास्टिकवर दोन्ही हात ठेवून मला दाखवायला लागले, डिझेल बंद, मोटरवर घ्या अशी ऑर्डर आली की कुठला हात कुठे जायचा, आधी कुठलं मीटर बघायचं, आणि हे सगळं ते खिडकीबाहेर बघत करत होते, हातांकडे बघतच नव्हते. काकू किचनच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. नंतर मला गेटपर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "रजेवर यायचे तेव्हा कपडे दोन-दोनदा धुतले तरी डिझेलचा वास जात नसे बघ."

त्या संध्याकाळी मी प्लॅन बदलला. आधी नुसती बाहेरून पूर्ण पाणबुडी करणार होते. पण रिटायर होताना मिळालेली शील्ड त्यांच्या हॉलमध्ये आहेच, त्यावर बाहेरून दिसणारी पाणबुडी आहेच. काकांनी पाणबुडी बाहेरून किती बघितली असेल? बंदरात चढता-उतरताना. बाकी सगळे महिने आतून. म्हणून आता डाव्या बाजूला सहाव्या कंपार्टमेंटपुरती हल कापून उघडी ठेवलीय, आणि मॉडेलचा जीव तिथे असणार आहे.

कापल्यामुळे एक छान गोष्ट झाली, आत कमी व्यासाचा दुसरा पाइप बसवलाय तो प्रेशर हल म्हणून दिसतो आणि दोन हलमधली जागा आपोआप कळते. कापताना रोटरी टूल हळू स्पीडला ठेवा, जोरात फिरवलं की पीव्हीसी वितळून ब्लेडला चिकटतं. कडा लाल रंगवणार आहे, म्हणजे हा भाग मुद्दाम कापून दाखवलाय हे लगेच समजतं.

सहावं म्हणजे मोटर रूम. पाण्याखाली डिझेल चालवता येत नाही, हवा लागते, त्यामुळे वर असताना किंवा स्नॉर्केल, म्हणजे हवा आत घेणारी नळी, पाण्यावर काढून डिझेलवर चालायचं नि बॅटऱ्या भरून घ्यायच्या, खाली गेलं की त्याच बॅटऱ्यांवर इलेक्ट्रिक मोटर. शाफ्ट तीन, प्रत्येकाला मोटर, मधली सगळ्यात मोठी, आणि अगदी हळू, गुपचूप सरकायला एक वेगळी छोटी मोटर. मोटरी बहुतेक फ्लोअरच्या खाली जातात त्यामुळे डोळ्याला दिसतं ते पॅनल, पाइप, केबल आणि मागच्या भिंतीतला गोल दरवाजा, ज्यातून वाकूनच जावं लागतं.

पॅनल दोन सेंटिमीटर उंच आहे. पातळ प्लास्टिक शीटचे तुकडे, मीटरच्या चकत्या फोटो पेपरवर बारीक प्रिंट काढून, पोकळ सुईच्या टोकाने गोल कापून चिकटवल्या आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचा एकेक थेंब, सुकल्यावर खरंच काच वाटते. हँडल आणि केबलसाठी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार आणली. वेगवेगळ्या जाडीची, उरलेले तुकडे त्याने तसेच दिले, कशाला पाहिजे विचारलं नि सांगितल्यावर आणखी एक रीळ दिलं. ही तार मी रंगवलेली नाही. इलेक्ट्रिकलच्या माणसाच्या मॉडेलमध्ये तांबं तांबंच दिसू दे. आणि काकांनी बोट ठेवलं होतं त्या कोपऱ्यात एक माणूस उभा आहे, १७ मिलिमीटरचा. पणजीत आल्तिनोला आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी ओळखीची आहे, त्यांच्या मॉडेलांना १/१०० ची माणसं लागतातच, तिने मूठभर दिली. ती सगळी रस्त्यावर चालणारी असतात, हात खाली, म्हणून एकाचे हात खांद्यापाशी कापून पॅनलकडे वळवून परत लावले. बघतोय मात्र समोर नाही, मान किंचित बाजूला. हे काकांना कळेल.

उजेड एका पिवळसर ३ मिलिमीटर एलईडीचा, वायर डेकखालून स्टँडमध्ये. पांढरा लावू नका, दवाखान्यासारखं दिसतं.

रंगाचं आता. वरचा भाग काळा, पाण्याखालचा लाल. शुद्ध काळा ह्या साइजला खेळण्यासारखा दिसतो, मी काळ्यात थोडा राखाडी मिसळतेय, तीन-चार तुकड्यांवर ट्राय करून उन्हात नेऊन बघितलं, अंगणात जो बरा वाटला तो घेतला. पावसाळ्यात स्प्रे मारताना आमच्याकडे ब्लशिंगचा त्रास ठरलेला, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो नि हवेतली वाफ रंगावर बसून पांढरट येतं. म्हणून पाऊस दोन दिवस उघडला की दुपारीच मारायचा, कॅन कोमट पाण्यात ठेवून, आणि लगेच मॉडेल मोठ्या खोक्यात ६० वॉटचा बल्ब लावून ठेवायचं, बल्बपासून लांब कारण पीव्हीसी तापलं की वाकतं. गंज मी दाखवणार नाही. हल्ली वेदरिंगचा, म्हणजे मॉडेल जुनं-वापरलेलं दिसावं म्हणून डाग-गंज रंगवण्याचा, फार सोस आहे, आणि टँकवर ते शोभतंही, पण जी बोट ही माणसं घासून पुसून ठेवायची तिच्यावर मी गंजाचे ओघळ काढावेत हे मला पटत नाही. भोकांखाली मिठाच्या अगदी पुसट पांढऱ्या रेघा येतील, बस.

राहिलंय ते: सेलच्या (पाठीवरच्या मनोऱ्याच्या) पुढच्या खिडक्या, पेरिस्कोप आणि स्नॉर्केलचे मास्ट, पेनंट नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) एस-२०, सागवानाचा स्टँड, आणि मुख्य म्हणजे तीन प्रोपेलर. ते पितळेच्या पत्र्यातून कापून झाळायचे आहेत, आमच्या इथले एक शेट सोनारकाम करतात, त्यांनी बारीक करवत वापरायला दिली आणि झाळकाम आपल्या दुकानात बसवून शिकवायचं कबूल केलंय. अडचण पात्यांच्या पिळाची आहे, भावाचे फोटो सगळे मागून सरळ काढलेले आहेत, बाजूने पातं किती वळतं ते त्यात कळत नाही. विशाखापट्टणमला जाऊन आलेल्या कुणाकडे कुरसुराच्या मागच्या भागाचा अगदी बाजूने काढलेला फोटो असेल तर प्लीज पाठवा, मोबाइलचा असला तरी चालेल, मागे माणसं उभी असली तरी चालेल. तोवर मी मास्टचं काम सुरू करते, त्यासाठी इंजेक्शनच्या सुया नि छत्रीच्या काड्या जमवून ठेवल्यात.