चेन ढिली नव्हतीच, स्प्रॉकेट लंगडत होतं

मोटर बसवलेली माझी सायकल घेऊन केर्लीतून जोतिबाकडे वळलो आणि पहिल्याच चढाला कडाकड आवाज करत मोटरच्या चेनने दाते सोडले. ‘चेनचा विषय संपला’ असं मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ते मागे घेतो. सायकल ढकलत खाली आणली.

मागे लिहिलं होतं तसं, मागच्या चाकाच्या डिस्क हबवर (डिस्क ब्रेक लावायची जागा) मोटरच्या चेनसाठी 22 दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र, बसवलंय. मोटर तीच, 24 व्होल्ट 250 वॅट, तिच्या स्प्रॉकेटला 9 दाते. 18 काढून 22 केल्याने वेग ताशी 20 वरून 16 वर आला, पण चढाला मोटर रडायची थांबली. त्याच दिवसापासून चेनचं नाटक सुरू.

पंधरा दिवस एकच धंदा. मोटरचे नट सैल करायचे, ती स्लॉटमध्ये पुढे सरकवायची, खालची चेन बोटाने हलवून बघायची. चार सूत (अर्धा इंच) हलली की बरोबर, असा आपला हिशेब. पण तेवढी ठेवली की चाक एका जागी अडायचं आणि मोटर कण्हायची. जरा सैल केली की चढाला दाते सुटायचे. एक्सल मागे ओढावा तर पॅडलची चेन ताणली जाते.

शेवटी चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर मागवायला निघालो होतो. मग लक्षात आलं, माझ्या जोडणीत फ्रीव्हील (एकाच दिशेने पकडणारं चक्र) नाही. उताराला चाकच मोटर फिरवतं, तेव्हा खालची बाजू ताणली जाते आणि झोळ वर जातो. स्प्रिंग तिथे मार खाणार. आणि क्लॅम्पवाल्या जॉकीने (चेन दाबणारी चकती) जागेवरून फिरून दोन स्पोक खाल्ले, तेव्हाच मी त्या जातीला हात जोडलेत.

शनिवारी सायकल उलटी केली, मार्कर घेतला आणि चाक सावकाश फिरवलं. चेन घट्ट व्हायची ती दर फेऱ्याला व्हॉल्व्ह त्याच जागी आल्यावर. दोष मोटरच्या स्प्रॉकेटचा असता तर चाकाच्या एका फेऱ्यात दोन-अडीच वेळा दिसला असता. अडकलेली लिंक असती तर घट्ट जागा दर फेऱ्याला सरकत गेली असती. म्हणजे चोर मागेच. चेनस्टेला (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) केबल टाय बांधून त्याचं टोक दात्यांना लावलं. एकीकडे दाते घासत होते, समोर मिलिमीटरभर फट.

एक मिलिमीटर! आधी हसूच आलं. पण स्प्रॉकेट केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलं तरी दोन केंद्रांतलं अंतर एका फेऱ्यात एक मिलिमीटर कमी-जास्त होतं आणि चेन दोन मिलिमीटर मोकळी होते. ती सगळी खालच्या बाजूला लोंबते. माझ्या 30 सेंटिमीटरच्या अंतरात त्याचा मध्यभागी जवळपास दीड सेंटिमीटर झोळ पडतो. मी पंधरा दिवस मोटर सरकवत बसलो होतो.

स्प्रॉकेट काढून उद्यमनगरात ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे नेलं. हबवर ठेवून त्यांनी नुसतं हलवून दाखवलं. “चेन वढून काय हुतंय? भोकच मोठं पाडलंय की.” व्हर्नियर लावला, बोअर (मधलं भोक) एक मिलिमीटरने मोठा. ज्याने करून दिलं त्याचं नाव घेत नाही, पण तयार स्प्रॉकेट घेताना हब सोबत न्या. म्हटलं, बोअर वाढवून आत बुश (कडं) ठोकूया. मामांनी बोल्टच्या भोकांवर बोट ठेवलं. मधे पत्राच उरत नाही.

घरी कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापली (बोटही कापलं). साधारण दहा पॉइंट (0.1 मिलिमीटर) जाडी, पाच वेढे, आणि स्प्रॉकेट हबवर गच्च बसलं. चाक फिरवलं. सगळीकडे तीन ते चार सूत! जाऊन चहा केला आणि परत येऊन पुन्हा दहा वेळा फिरवलं. ती खर्रर्र-गप्प-खर्रर्र जाऊन एकसारखी घरघर आली, ती ऐकतच बसावं.

डब्याच्या पत्र्याचा भरवसा नाही, म्हणून मामांना नवीन 22 सांगणार होतो. आधी हबच्या मापाचा बोअर, मग त्यालाच धरून दाते. पण लिहिता लिहिता सुचलं, नवीन करायचंच तर डिस्कच्या भोकांवर अडॅप्टर करून फ्रीव्हीलच का नको? मोटर ओढत पॅडल मारणं तरी सुटेल. अडचण एवढीच की डिस्कची जागा डाव्या बाजूला, आणि नेहमीचं फ्रीव्हील तिथे उलटं धरतं, आणि आटेही सुटत जातात. उलट्या आट्यांचं, डाव्या बाजूचं फ्रीव्हील कुणाकडे पडून असेल तर कळवा. तोवर मामांना थांबा म्हणतो.