आज पहिल्यांदा समुपदेशकाकडे गेले

दोन महिने सगळ्यांना "जरा दमलेय" एवढंच सांगत होते. पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची, मग उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग तसाच. घडी घालायला हातच उचलत नव्हता. मी त्याला आळस म्हणत होते.

परवा ताईचा फोन आला. "कशी आहेस" असं तिने विचारलंच नाही. "शेवटचं मनापासून हसलीस कधी?" म्हणाली, आणि मला रडूच कोसळलं. वेळही तिनेच घेतली. आज सोबत आली, तासभर बाहेर बसून राहिली.

आत एक कागद भरायला दिला. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, नैराश्याची लक्षणं किती आहेत ते पाहणारी प्रश्नावली. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. कशातच रस वाटत नाही का, या पहिल्याच ओळीवर पेन थांबलं. माझ्या मनातलं कुणी आधीच छापून ठेवलं होतं! नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तिथे खोटं लिहावंसं वाटलं, पण नाही लिहिलं. २७ पैकी १४ आले. मॅडम म्हणाल्या, हे निदान नव्हे, पण लक्ष द्यायला हवं हे नक्की. मग कागद बाजूला ठेवून नवव्या प्रश्नाबद्दल शांतपणे, थेट विचारलं. इतकं थेट कुणी विचारलं की किती हलकं वाटतं!

घरी येऊन ताईने आणि मी मिळून कपड्यांच्या घड्या घातल्या. पुढची भेट गुरुवारी.

पहाटेचं ते छत तुमच्याही ओळखीचं असेल तर मला मेसेज करा. खरंच करा.