नवव्या प्रश्नावर पेन थांबलं

पहाटे चारला झोप मोडायची, रोज. मग उजाडेपर्यंत कूस बदलत पडून राहायचं, आणि उजाडलं की पोटात खड्डा. अंघोळीला जायचं म्हणून टॉवेल खांद्यावर टाकायचो आणि पलंगाच्या कडेवर अर्धा अर्धा तास नुसता बसून राहायचो. रडू येत नव्हतं, त्यामुळे हे डिप्रेशन असेल असं मनातही आलं नाही. मी आळशी झालोय, एवढंच वाटायचं.

ओळखलं ताईनं. एक दिवस ती घरी आली, समोर बसली आणि सरळ विचारलं, "तुला जगावंसं वाटतंय ना रे?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. "मनाला लावून घेऊ नकोस" वगैरे ती काही बोलली नाही. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते," म्हणाली आणि अपॉइंटमेंटही तिनंच घेतली. त्या दिवसांत मला तेवढा एक फोन लावणंसुद्धा झेपलं नसतं. म्हणून 'मदत हवी असेल तर सांग' म्हणून थांबणाऱ्यांना मी कळवळून सांगतो, थांबू नका, बरोबर जा.

मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीबाहेर हातात एक कागद मिळाला. पीएचक्यू-९ म्हणतात त्या प्रश्नावलीला. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. कशात रस न वाटणं, झोप, थकवा, भूक, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं. वाचता वाचता अंगावर काटा आला. जे मी लाजेनं लपवत होतो ते इथे छापलेलं होतं, म्हणजे माझ्याआधी कितीतरी जणांना हे झालं होतं.

नवव्या प्रश्नावर पेन थांबलं. आपण मेलेलो बरं, असे विचार येतात का? 'अजिबात नाही'वर खूण करून मोकळं व्हावंसं वाटलं. ताई शेजारीच होती, पण मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मी 'काही दिवस'वर खूण केली. बेरीज आली २७ पैकी १७.

डॉक्टरांनी आधी तोच प्रश्न काढला. विचार किती वेळा येतो, काही ठरवलंय का, हाताशी काही आहे का. असं उघड विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं भरतं, अशी भीती पुष्कळांना असते. तसं होत नाही. मला तर कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. विचार अनावर झाला तर लगेच ताईला फोन, आणि रात्र असली तरी थेट इमर्जन्सीत यायचं, हेही तिथेच ठरलं.

रक्त तपासलं. थायरॉईड मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी अशी मरगळ येऊ शकते. माझे रिपोर्ट नॉर्मल आले आणि मला वाईट वाटलं. थायरॉईड निघालं असतं तर चारचौघांत सांगता आलं असतं.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले दहा दिवस मळमळ तेवढी झाली, गुण काही नाही. फरक पडायला २ ते ४ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो. चौथ्या आठवड्यात एकदा जाग आली तेव्हा सहा वाजले होते. मी घड्याळाकडे बघतच राहिलो.

समुपदेशक बाईंनी आठवड्याचा तक्ता दिला. काय केलं, आधी मन कसं होतं, नंतर कसं, ० ते १० मध्ये लिहायचं. बरं वाटलं की फिरायला जाईन, असं माझं म्हणणं. त्या म्हणाल्या, "आधी जा, बरं वाटायचं ते मागून येईल." दहा मिनिटं चाललो. दोनाचे तीन झाले. "एवढ्यानं काय होतंय?" मी विचारलं. त्यांनी काही न बोलता त्या तिनाभोवती पेन्सिलीनं गोल केला.

तिसऱ्या महिन्यात मोठी चूक केली. बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद केल्या. चारच दिवसांत चक्कर, आणि मान वळवली की डोक्यात शॉक बसल्यासारखं. आजार उलटला या धास्तीनं मी अर्धमेला झालो. डॉक्टर रागावले नाहीत. अचानक थांबवल्यानं असं होतं, म्हणाले. बरं वाटू लागल्यावरही निदान ६ महिने गोळ्या घ्यायच्या, मग डोस हळूहळू उतरवायचा. पुढे आम्ही तसंच केलं.

गोळ्या थांबून आता बरेच महिने झालेत. ताईकडे माझ्या हातची एक चिठ्ठी आहे. सलग काही दिवस पहाटे चारला जाग, टॉवेल घेऊन नुसतं बसणं, फोनवर सगळ्याला "बरं आहे". यातलं काही दिसलं तर मला विचारत बसू नकोस, अपॉइंटमेंट घे, असं तिला लिहून दिलंय.