पहिली सुरी कुणावर चालवता?

मी जनावरांची डॉक्टरकी शिकते, त्यामुळे सुट्टीत हर्णैला आले की हा प्रश्न ठरलेलाच. बंदरावर मासळी घेताना, दापोलीच्या एसटीत, कुणाच्या तरी हळदीला. "तू अजून शिकतेस ना गो बाय? मग सुरी हातात देतात कशी? आणि पहिली सुरी कुणावर चालवता?" विचारणाऱ्यांच्या गोठ्यात बहुधा एखादी गाय नाहीतर चार शेळ्या असतात, त्यामुळे मनातला प्रश्न निराळाच असतो: आपलं जनावर या शिकाऊ पोरांच्या ताब्यात द्यावं का? प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौथ्या वर्षाला आहे. १८८६ साली सुरू झालेलं कॉलेज. आपल्याकडच्या मुलांना त्यातल्या त्यात जवळ म्हणजे परळ नाहीतर शिरवळ. 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन प्रवेश, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. हे सत्र सगळ्यांत धावपळीचं: मेडिसिन, गायनॅक, सर्जरी, सगळं एकदम. सकाळी लेक्चर, मग दवाखान्यात ड्युटी, दुपारी प्रॅक्टिकल, रात्री केस लिहून काढायच्या. जेवणाला वेळ-काळ राहत नाही. पण पहिल्या वर्षापासून मी याच सत्राची वाट बघत होते.

तर पहिली सुरी. ती चालते मेलेल्या जनावरावर, ॲनाटॉमीच्या टेबलापाशी. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात आणि तशातच स्नायू, नस, रक्तवाहिनी एकेक सोडवत जायचं. टाके शिकतो स्पंजवर आणि केळ्याच्या सालीवर; दोरा जरा जास्त ओढला की साल फाटते, त्यामुळे हात आपोआप हलका होतो. गाठी मारायच्या खिडकीच्या गजाला दोरा बांधून. सर्जन्स नॉट म्हणजे टाक्यांची खास गाठ, तिच्यात पहिल्या वेढ्याला दोरा दोनदा फिरवतात, म्हणजे दुसरा वेढा बसेपर्यंत पहिला सैल पडत नाही. दुसरा वेढा उलट दिशेने न घालता त्याच दिशेने घातला तर गाठ सरकते, आणि दिसायला दोन्ही गाठी जवळपास सारख्याच. कुत्रीच्या नसबंदीत बीजांडाकडे जाणारी रक्तवाहिनी अशाच गाठींच्या भरवशावर आत सोडून पोट शिवायचं असतं. आत गाठ सरकली तर वरून काही दिसत नाही आणि कुत्री आतल्या आत रक्त गमावते. म्हणून दोन गाठी मारायच्या, आणि वाहिनी आत सोडण्याआधी चिमट्यात धरून बघायचं, कोरडी आहे ना.

एवढं झाल्यावरही जिवंत जनावरापाशी गेल्या गेल्या सुरी मिळत नाही. आधी जनावर धरायला शिकायचं: कासरा, मुसकी, खोडा. मग केस काढणं, जागा स्वच्छ करणं, हात घासणं. मग भुलीवर लक्ष ठेवायचं: श्वास, ठोके, हिरड्यांचा रंग. माझ्या मते सगळ्यांत जोखमीचं काम हेच. गाईला झायलाझिन हे गुंगीचं औषध फार चढतं. घोड्याला लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात काम होतं. डोस ठरतो वजनावर, आणि आपली कोकण कपिला गाय लहान चणीची. जर्सीच्या हिशेबाने सिरिंज भरून चालणार नाही.

गाईचं पोट ती उभी असतानाच उघडतात, हे सांगितलं की कुणाला पटत नाही. पण ते तसंच करावं लागतं. रवंथ करणारं जनावर आडवं पाडून गुंगी दिली की पोटात वायू साठून पोट फुगतं, फुप्फुसांवर दाब येतो, आणि पोटातलं पाणी घशाशी येऊन श्वासनलिकेत उतरायची भीती असते. म्हणून कण्याजवळ तीन नसांपाशी लिग्नोकेन टोचून फक्त ती बाजू बधिर करतात. थोड्या वेळाने डावी भकाळी हाताला गरम लागते आणि सुई टोचली तरी कातडी थरथरत नाही. मग कातडी, खाली स्नायूंचे थर, आतला पातळ पडदा. पोटाची पिशवी दिसली की ती आधी कातडीच्या कडेला शिवून घ्यायची, म्हणजे आतली घाण उदरात सांडत नाही.

एकदा अशाच ऑपरेशनला सरांनी मला गाईच्या पोटात हात घालायला सांगितलं. खांद्यापर्यंतचा मोजा, आत ऊबदार, जड, ओला चारा. त्यात पीळ पडून बसलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, निळ्या नायलॉन दोरीचा गुंता. "पुढे, अजून पुढे, जाळीदार कप्प्यात बघ," सर म्हणाले. तिथे एक तार बोटाला लागली. त्या कप्प्यापुढे श्वासपटल आणि श्वासपटलापलीकडे लगेच हृदय. तार बाहेर आली तेव्हा गाय समोरच्या वैरणीत तोंड घालून उभी होती. सर हात घासून, मोजे घालून सबंध वेळ माझ्या शेजारी होते, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. शिकाऊ हाताला भिऊ नका. शेजारी डॉक्टर कोण उभे आहेत ते मात्र विचारा, बिनधास्त विचारा.

म्हणूनच गावात मी सुरी धरत नाही. "घरचंच जनावर आहे, घाल दोन टाके," असं प्रेमाने म्हणतात, पण १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचं, आणि मला तो नियम मनापासून पटतो. मागे बंदरावरच्या एका मांजरीच्या ओठात गळ रुतला होता. मी तिला गोणपाटात गुंडाळून दवाखान्यात नेलं, धरून बसले आणि डॉक्टरांचा हात बघितला. गळाला उलटा काटा असतो, मागे ओढला तर मांस फाटत येतं. त्यांनी भूल देऊन टोक पुढेच दाबलं, कातडीबाहेर काढलं, काटा पक्कडीने तोडला आणि उरलेला गळ आल्या वाटेने मागे घेतला. गळ गिळलेलं जनावर दिसलं आणि तोंडातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका, कापूही नका. डॉक्टरांना त्याचाच माग लागतो.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग तुमच्याकडे आहे. ऑपरेशनच्या दिवशी कुत्र्याला माया म्हणून दूध-भाकरी घालून आणू नका. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. शेळीला किती वेळ उपाशी ठेवायचं ते आधी विचारून घ्या. कातडीचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात, आणि आपल्याकडे पावसात तेवढे दिवस फार लांब असतात. ओल, चिखल, माश्या. जखमेत किडे पडायला एक उघडी रात्र पुरते. जनावर कोरड्या जागी बांधा आणि सकाळ-संध्याकाळ टाके डोळ्यांनी बघा. सूज, वास, पाणी, यातलं काहीही दिसलं तर हळद-राख लावून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.